किट्टूमामांचं नाक आणि श्राद्धाचं सार

"हा दात काढून टाका, डॉक्टरम्मा. ह्यानेंच माझी चव खाल्ली."

किट्टूमामा खुर्चीत बसून बोटाने वरची उजवी दाढ दाखवत होते. बसून म्हणजे काय, खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकले होते. ती खुर्ची क्लिनिकमध्ये नवीनच आली होती. पायाने बटण दाबलं की वर जायची, दुसरं दाबलं की मागे झुकायची. तंजावूरमध्ये तेव्हा असल्या गोष्टी नुकत्याच यायला लागल्या होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ झाला होता, घरोघरी केबलच्या वायरी लोंबत होत्या आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांनी ही परदेशी खुर्ची मागवली होती. पेशंट दातापेक्षा खुर्चीलाच जास्त घाबरायचे.

मी मूळची मिरजेची. दातांची डॉक्टर झाले आणि लग्न होऊन थेट तंजावूरला येऊन पडले. सासर मराठीच, पण मराठे राजे तिकडे होते तेव्हापासून तिथेच मुरलेलं. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत अशी बरीच घरं होती. बोलायचे मराठी, हेल तमिळ, आणि लिहायची वेळ आली की सरळ तमिळच. माझं बोलणं ऐकून सगळे हसायचे. "सूनबाई रेडिओसारखें बोलते," असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. मला त्यांचं ते जुन्या वळणाचं बोलणं ऐकत बसावंसं वाटायचं. आजही कुणी 'मज' म्हटलं की माझे कान टवकारतात.

किट्टूमामा या सगळ्या घरांचे आचारी. खरं नाव कृष्णराव, पण तमिळ मुलखात कृष्णाचा किट्टू होतो आणि आचाऱ्याचा मामा होतो. लग्न असो, मुंज असो, किट्टूमामा हवेतच. आणि श्राद्धाला तर दुसरं नावच निघायचं नाही. कारण श्राद्धाच्या स्वयंपाकाला एक अट असते. पितरांच्या नावाने ब्राह्मण जेवेपर्यंत त्यातला कणही कुणी चाखायचा नाही. मीठ बघायचं नाही, तिखट बघायचं नाही. सगळं अंदाजाने. किट्टूमामा मात्र अंदाजाने करायचे नाहीत, वासाने करायचे. उकळत्या भांड्यावर वाकायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "अजून चिमूटभर."

"अहो मामा, मिठाला कुठे वास असतो?" असं मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं.

"मिठास नसतो. पण मीठ पडलें कीं चिंचेचा वास बदलतो. मिऱ्याचा वर येतो. मज तेवढें पुरे."

मला ते तेव्हा थाप वाटली. पण सार खाल्लं आणि पटलं. मिऱ्या-जिऱ्याचं ते सार, श्राद्धाला मिरची चालत नाही म्हणून केलेलं. मिरजेच्या माझ्या तिखट जिभेलाही त्यात काही कमी वाटलं नाही.

आणि त्याच माणसाचं सार त्या वर्षी चैत्रात, माझ्या सासऱ्यांच्या श्राद्धाला, इतकं खारट झालं होतं की मी दोन घोटांत पाण्याचं भांडं संपवलं. शेजारी सासूबाई मान खाली घालून जेवत होत्या. मी तोंड उघडलं मात्र, त्यांनी डोळे असे वटारले की मी उघडलेल्या तोंडात भात घातला. श्राद्धाच्या जेवणाला नाव ठेवायचं नाही, चांगलंही म्हणायचं नाही. जेवणारे ब्राह्मण मुकाट्याने जेवतात. शेवटी यजमान विचारतो, "तृप्त झालात ना?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "तृप्त झालो." आत सोवळ्यात उभ्या असलेल्या आचाऱ्याला तेवढंच ऐकू येतं.

तर असे हे किट्टूमामा, मे महिन्याच्या उकाड्यात, माझ्यासमोर चांगली धडधाकट दाढ काढा म्हणून बसले होते.

"चव गेली म्हणजे काय झालं नक्की?" मी विचारलं.

"काय खाल्लें तरी माती. माझेंच रांधलेलें मज कळत नाही. दाढेंत पू असणार. तोच सगळीकडे पसरतो."

मी आरसा आत घातला. दातांच्या डॉक्टरकडे लांब दांड्याचा छोटा गोल आरसा असतो, तो. त्या दाढेला किडीचं एक लहानसं भोक होतं. पू वगैरे काही नाही. पण बाकीचं तोंड बघून मी चपापले. ओठ फुटलेले, जीभ सुकलेली. वरच्या पुढच्या दातांच्या हिरड्या लालबुंद, सुजलेल्या, जणू त्यांना कुणी तासन् तास वाऱ्यावर वाळत घातलंय. मागच्या हिरड्या मात्र बऱ्या होत्या. हे चित्र मला पुस्तकातून ओळखीचं होतं. तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाचं तोंड असं असतं.

लाळ म्हणजे नुसती थुंकी नव्हे. ती दिवसभर दात धूत असते, आंबटपणा मारत असते, कीड रोखत असते. तोंड सतत उघडं राहिलं की लाळ वाळते, आणि सगळ्यात आधी वाळतो तो पुढचा भाग, कारण वारा तिथेच लागतो. मग कीड, हिरड्यांना सूज, तोंडाला वास, सकाळी उठताना कोरडा घसा. रात्री घोरणं, आणि झोप होऊनही न झाल्यासारखं जड डोकं.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती, ती काय हे आत्ता लक्षात आलं. दातांच्या दवाखान्याला लवंगेच्या तेलाचा भपकारा असतो. भरण्याच्या मसाल्यात ते घालतात. दारातून आत येणारा प्रत्येक पेशंट नाक मुरडतो. आणि हा जन्मभर फोडण्या दिलेला माणूस नाक मुरडत नव्हता की काही नाही.

मी तोच आरसा पुसला आणि त्यांच्या नाकाखाली धरला. "मामा, तोंड मिटा. नाकाने श्वास सोडा."

नाकाने श्वास सोडला की आरशावर वाफ धरते. दोन नाकपुड्या, दोन ठिपके. किट्टूमामांचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, आणि मग फस्सकन तोंड उघडलं. आरसा स्वच्छ. माझी टिकली दिसत होती त्यात.

"तुमचं नाक बंद आहे, मामा."

"छे छे! नाकास माझ्या औषध आहे कीं." असं म्हणून त्यांनी कनवटीची इवलीशी बाटली काढली, माझ्या परदेशी खुर्चीत मान मागे टाकली आणि दोन्ही नाकपुड्यांत थेंब टाकले. थोड्या वेळाने मोठ्या ऐटीत नाकाने श्वास घेऊन दाखवला. "पाहा! मोकळें." हवा आत गेली खरी, पण लवंग त्यांना तरीही कळली नाही; वास कळतो ती वरची जागा अजून सुजलेलीच असणार.

"हे दिवसातून कितीदा टाकता?"

"चोंदलें कीं टाकतों."

"आणि कधीपासून?"

ते आठवायला लागले. एका लग्नात लाकडं ओली निघाली होती, धुराने सर्दी झाली होती, स्टँडसमोरच्या मेडिकल शॉपवाल्याने हे थेंब दिले होते. ते लग्न ज्या मुलीचं, तिचा मुलगा आता शाळेत जात होता.

मी कपाळाला हात लावला. हे थेंब नाकातलं सुजलेलं अस्तर आकसून टाकतात, म्हणून नाक चटकन मोकळं होतं. चार दिवस ठीक. पण रोज टाकले की औषधाचा असर उतरल्यावर अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. सर्दी केव्हाच गेलेली असते. नाक चोंदतं ते थेंबांमुळे, आणि ते उघडायला माणूस टाकतो तेच थेंब.

आणि नाक हा काही नुसता बोगदा नाही. आत जाणारी हवा ते गाळतं, कोमट करतं, ओली करतं. तोंडाने घेतलेली हवा तशीच कोरडी, धुळीसकट घशात उतरते. शिवाय चव म्हणतो ती बहुतेक नाकाची असते. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू एवढंच मोठं मोठं कळतं. मिरी कोणती, जिरं कोणतं, तूप कढलं की करपलं, हे नाक सांगतं. विश्वास नसेल तर नाक दाबून जिरं चावून बघा.

हे सगळं मी त्यांना समजावलं. ते ऐकत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"म्हणजें औषधच रोग? अय्यो, डॉक्टरम्मा! मेडिकलवाला देतो तें खोटें? तुम्ही दात काढा. दात काढला कीं चव येईल."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. मिरजेत शिकलेली म्हण, रामेश्वर मात्र आता जवळ. माझा पारा चढला. उकाडा होता, बाहेर पेशंट होते, आणि मला मुळात धीर कमी.

"दात काढून काही होणार नाही, मामा. तुम्हाला वासच येत नाही! चैत्रात आमच्याकडे सार केलंत ते नुसतं मीठ होतं, कळलं का तुम्हाला?"

किट्टूमामा हळूच खुर्चीवरून खाली उतरले.

"कोणी म्हणालें नाही," ते म्हणाले.

"श्राद्धात कोण म्हणणार?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि निघून गेले. मला इतकं वाईट वाटलं, की पुढच्या पेशंटला मी उगाचच गोड बोलले.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. त्यांच्या मुलीच्या लग्नातला मराठी थाटाचा फराळ किट्टूमामांनी केला होता. ते तमिळ, माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, पण त्याला इंग्रजी म्हणणं धाडसाचं होतं.

"व्हॉट इज धिस, मा? पेशंट दात काढ म्हणतो, तू त्याला स्वयंपाक शिकवतेस?"

"सर, दात चांगला आहे. फिलिंग केलं की झालं. प्रॉब्लेम नाकात आहे."

"तो आपला डिपार्टमेंट नाही."

"मग ई.एन.टी.कडे पाठवते."

"आणि तो गेला नाही तर? दुसऱ्या क्लिनिकमध्ये जाऊन दात काढून घेईल. फिनिश."

"सर, एक दात काढला आणि चव आली नाही, तर तो दुसरा दात दाखवेल. आपण किती काढायचे?"

मोठे डॉक्टर मग हसले. "ओके. बट यू ब्रिंग हिम बॅक. मी आणणार नाही."

घरी आले तर बातमी आधीच पोचली होती. सासूबाई झोपाळ्यावर बसून केळफूल सोलत होत्या.

"श्राद्धाच्या जेवणास नांव ठेवलेंस म्हणे. पितर उपाशी जातात अशानें."

"आणि खारट खाऊन तहानेने व्याकूळ जातात त्याचं काय?" मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी केळफुलावर घालवलं. मग हळूच सांगितलं, की भाद्रपदातल्या महालयाला, म्हणजे सगळ्या पितरांच्या पक्षाला, त्यांनी कुंभकोणमच्या आचाऱ्याला शब्द दिलाय. शेजारच्या घरानेही दिलाय. पलीकडच्यांनीही. किट्टूमामांना सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, यंदा आम्ही थोडक्यांत करणार.

"म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत आहे? एका त्यांना सोडून?"

"आपलेच दांत, आपलेच ओठ. कसें सांगणार? जुना माणूस. दुखेल त्यास."

"आणि काम गेलं की नाही दुखणार?"

त्या पुन्हा केळफूल सोलायला लागल्या. मला मात्र तेव्हा खरं काय पणाला लागलंय ते कळलं. किट्टूमामांना दुसरं काही येत नव्हतं आणि नको होतं. गल्लीतल्या चार पिढ्यांच्या पंगती त्या माणसाने वाढल्या होत्या. आणि आता महालयाचा पक्ष यायचा, सगळ्या घरांतून धूर निघायचा, आणि हा माणूस ओट्यावर बसून राहणार, का ते न कळता.

काही दिवसांनी ते स्वतःच आले. खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले.

"घरोघर जाऊन विचारलें," ते म्हणाले. "माझें सार कसें झालें होतें म्हणून."

"मग?"

"सगळे म्हणाले, फार छान. अमृत! इतकी वर्षें कोणी अमृत म्हटलें नव्हतें, डॉक्टरम्मा. तेव्हांच मज कळलें, तुम्ही खरें बोललांत."

त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण मी मास्क लावून घेतला. आमच्या धंद्यात मास्कची ही एक सोय असते.

मेडिकल कॉलेजातल्या ई.एन.टी.च्या मॅडम माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांनी नाकात बॅटरी मारून बघितलं आणि हाडबीड सगळं ठीक आहे, ऑपरेशनची गरज नाही म्हणाल्या. सूज उतरवणारा वेगळा स्प्रे दिला, मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायला सांगितलं. आणि थेंब बंद. पण एकदम दोन्हीकडे बंद केले तर माणूस घाबरून परत बाटलीकडे धावतो, म्हणून आधी फक्त उजवीकडचे बंद करायचे. डावीकडे टाकले तरी चालतील. उजवी बाजू आपली आपण उघडली की मग डावीकडचे बंद.

"एक बाजू रडते, एक हसते," किट्टूमामा येऊन सांगायचे. "मधें मी."

फार वाईट दिवस गेले त्यांचे. उशा रचून, जवळजवळ बसूनच झोपायचे. डोकं ठणकायचं. उजवी नाकपुडी दगडासारखी बंद. डावीकडचेही बंद करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ती बाटली माझ्या हातात आणून दिली आणि म्हणाले, मी मागायला आलों तर देऊं नका. दुसऱ्याच दिवशी मागायला आले. मी दिली नाही. मग मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवून कापी, म्हणजे तिकडची कॉफी, पाजली, लग्नातल्या फराळाच्या आठवणी काढल्या, आणि बाटलीचं नाव काढलं नाही. त्या दिवशी मला ते फार आवडले.

नाक हळूहळू उघडायला लागलं. आता अडचण निराळीच. इतक्या वर्षांची सवय, नाक मोकळं असलं तरी तोंड उघडंच राहायचं. जबडा लोंबता. मी त्यांना एक जुना उपाय सांगितला. नाक मोकळं असेल तेव्हा तोंडात घोटभर पाणी धरायचं आणि काम करत राहायचं. तोंड उघडलं की पाणी सांडतं, म्हणून आपोआप मिटून राहतं.

"स्वयंपाक करतांना?" ते दचकले. "शिव शिव! उष्टें होईल सगळें."

"बरं, मग चालताना करा."

झालं! किट्टूमामा रोज सकाळी तोंडात पाणी धरून फिरायला लागले. आडी महिना लागला होता. तमिळ पंचांगातला हा वाऱ्याचा महिना, धूळ नुसती डोळ्यांत जाते. त्या वाऱ्यात, गाल फुगवलेले, उपरणं फडफडतंय, असे ते राजवाड्याच्या भिंतीकडेने ताडताड चालायचे. कुणी "काय मामा, बरें आहे?" विचारलं की नुसती मान. दोन-चार दिवसांत गल्लीत बोलवा झाली की किट्टूमामांनी मौनव्रत घेतलं. मुलगी लग्नाची म्हणून नवस केला असेल, असंही एकीने सांगितलं. त्यांना मुली नव्हत्याच.

आणि एक दिवस मी एका बाईंची दाढ भरत होते, हाताला लवंगेचं तेल लागलेलं, आणि किट्टूमामा दारात आले. गाल फुगलेले. आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबले. डोळे मोठे झाले. धावत बाहेर गेले, गटारात पाणी थुंकलं, आणि परत येऊन ओरडले.

"लवंग! डॉक्टरम्मा, लवंग कोठें फोडलीत?"

बाईंच्या तोंडात माझा हात होता, त्या खुर्चीत आडव्या, आणि मी रडत होते.

"इथें रोज असते ही?" त्यांनी विचारलं.

"रोज असते, मामा. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाही होती."

ते भिंतीला टेकून बराच वेळ नुसते वास घेत राहिले. तोंड मिटून.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, कुंभकोणमवाल्याला फोन करा आणि नाही म्हणा. त्या म्हणाल्या, "लवंगेचा वास गाढवासही येतो. साराचें काय? शब्द दिला आहे." दोन दिवस आमचं वाजलं. माझे यजमान बँकेत असायचे, ते या काळात बँकेतून उशिरा यायला लागले. शेवटी सासूबाईंनी किट्टूमामांनाच बोलावणं पाठवलं. ते आले, ओट्यावर खाली मान घालून उभे राहिले.

"हें पाहा किट्टू," सासूबाई म्हणाल्या, "ह्या वेळीं खारट झालें तर मी तोंडावर सांगेन. पितर रागावले तर रागावोत."

"तेंच पाहिजें, अक्का," ते म्हणाले. "चुकलें तर पळी खाली ठेवतों. पुन्हा कोणाच्या चुलीपुढें जाणार नाही."

मी एसटीडी बूथवर जाऊन कुंभकोणमला फोन लावला. आचाऱ्याला बरं वाटलं असावं, त्याच्याकडे तसंही कामाची गर्दी होती.

महालयाच्या दिवशी मी सुट्टी घेतली. स्वयंपाकघरात सोवळ्याशिवाय जाता यायचं नाही, म्हणून उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिले. कच्च्या केळ्याची भाजी झाली, कारली झाली, वडे तळून झाले. मग साराचं पातेलं उकळायला लागलं. चैत्रातही मी इथूनच पाहिलं होतं. तेव्हा ते भांड्यावर वाकले होते आणि तोंड उघडं होतं. मला त्या वेळी ते खटकलं नव्हतं. आज ते वाकले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे मिटलेले. वाफ सगळी चेहऱ्यावर. मीठ टाकलं. परत वाकले. हात मिठाच्या बरणीकडे गेला, आणि तसाच मागे आला. त्यांनी पातेलं उतरवलं.

कमी पडलं असेल तर?

ब्राह्मण जेवायला बसले. कुणी बोलत नाही, पण हातांनी खुणा करायला मुभा असते. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. चैत्रात सार घेऊन यजमान दुसऱ्यांदा फिरले तेव्हा एकजात सगळे हात आडवे झाले होते. किट्टूमामा आत असतात, त्यांना हे कधीच दिसत नाही. आता मी दाराआडून बघत होते. यजमान सार घेऊन दुसऱ्यांदा गेले. सगळ्यात वयस्कर भटजी, ज्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, त्यांनी हात पुढे केला. आडवा नव्हे. ओंजळीसारखा, घाला म्हणून. शेजारच्यानेही केला. यजमान परत आत आले, परत भरून घेऊन गेले. मग आणखी एकदा.

"तृप्त झालात ना?"

"तृप्त झालो."

तेच शब्द. आतून किट्टूमामांना तेवढेच ऐकू गेले. ते दाराशी येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. मी नुसता हात ओंजळीसारखा करून दाखवला, एकदा, दोनदा, तीनदा. ते पाटावर बसले.

पुरुषांची पंगत झाली. सगळ्यात शेवटी आम्ही बायका बसलो. भाजी आली, वडे आले, भात आला. सार काही येईना.

"किट्टू, सार?" सासूबाईंनी हाक मारली.

किट्टूमामा पातेलं हातात घेऊन बाहेर आले. पुरते ओशाळलेले. "संपलें, अक्का. अंदाज चुकला माझा."

सासूबाई पातेल्यात बघत राहिल्या. "अरे, मी तोंडावर सांगणार होतें! आतां काय सांगूं?"

आम्ही सगळ्या इतक्या हसलो की शेजारची घरं दाराशी आली. श्राद्धाच्या दिवशी एवढं हसू नये म्हणतात. किट्टूमामा माझ्यापुढे आले आणि रिकामं पातेलं माझ्या नाकाखाली धरलं, मी त्यांच्या नाकाखाली आरसा धरला होता तसं.

"तोंड मिटा, डॉक्टरम्मा. नाकानें घ्या."

मी घेतलं. मिरी, जिरं, चिंच, कढलेलं तूप. उन्हाळ्यापासून ज्या सारासाठी भांडले, ते मला एवढंच मिळालं.

त्या पक्षात मग दोन घरांनी कुंभकोणमचा आचारी सोडला. पुढल्या वर्षी सगळ्यांनी. किट्टूमामा त्यानंतर बरीच वर्षं रांधत राहिले. आता ते नाहीत, सासूबाई नाहीत, आणि मी दवाखाना सोडून मिरजेला परत आलेय. इथे माझं बोलणं ऐकून भाच्या हसतात, मावशी तमिळसारखं बोलते म्हणून. कधी कुठे लवंगेचा वास आला की मी जिथे असेन तिथे थांबते आणि तोंड मिटून तो आत घेते.

त्यांची ती दाढ मी नंतर चांदी घालून भरली. शेवटपर्यंत शाबूत राहिली, काढायची वेळ आलीच नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. नाक चोंदलं तर ते थेंब चार दिवसांपुढे टाकू नका. श्वास नाकाने घ्या, तोंड मिटलेलं ठेवा. फक्त सार खारट झालं तर तेवढ्यापुरतं उघडा, आणि आचाऱ्याला सांगा.